चुप्तग चिपील

मुलांनो, वरच्या मथळ्यात छपाईची चूक नाही. ती 'च'ची भाषा आहे. शब्दातले पहिले व्यंजन काढून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. 'मला नको'चे होते 'चलाम चकोन'. आता मथळा पुन्हा वाचा. आई-बाबांना ही भाषा येते का, तेही विचारा. (परदेशात आपल्याला तिची गरज कमीच. दुकानाच्या रांगेत साधे मराठी बोलले तरी काम भागते. फक्त मागे कोणी नागपूरकर उभा नाही ना, हे पाहून घ्यावे!)

पण एकेकाळी खुद्द महाराष्ट्रातच मराठी लपवून ठेवावी लागली होती. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिले. मराठी गद्यातला हा अगदी सुरुवातीचा ग्रंथ. पुढे पंथाचे ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकात 'सकळ' नावाची सांकेतिक लिपी तयार झाली. ती रवळोबासांनी रचली असे मानतात. भाषा मराठीच, पण एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह. पुढे 'सुंदरी'सारख्या आणखी लिप्या आल्या. पंथ पंजाबात पोचला, तिथेही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. म्हणजे घरापासून दूर मराठी शिकणारे आपण पहिले नव्हे!

कुलूप मात्र फारच पक्के बसले. किल्ली पंथातच राहिली आणि बाकीच्या मराठी लोकांना आपल्याच भाषेतले हे जुने, सुंदर गद्य कित्येक शतके वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे अभ्यासकांना हा खजिना दिसला.

'नेत्रपल्लवी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डोळ्यांनी बोलणे. तिचीच भावंडे म्हणजे करपल्लवी आणि अंकपल्लवी. करपल्लवीत हाताने कमळ केले की 'क' वर्ग, चक्र केले की 'च' वर्ग, मग बोटे दाखवून वर्गातले कितवे अक्षर ते सांगायचे. मात्रांसाठी चुटक्या! आम्हाला ही युक्ती फार आवडली, कारण बाराखडी पाठ नसेल तर इथे काहीच चालत नाही.

अंकपल्लवीत हेच काम आकडे करतात. आम्ही सोयीसाठी स्वर आणि मात्रा सोडून दिल्या आहेत. क-वर्ग १, च-वर्ग २, ट-वर्ग ३, त-वर्ग ४, प-वर्ग ५, य-र-ल-व ६, श-ष-स-ह ७. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा अक्षराचा. 'फणस' म्हणजे ५२-३५-७३.

आता सांगा, रविवारी दुपारी वर्ग सुटल्यावर काय मिळणार?

१३-६२-५५   ६४-६२-३५

उत्तर पुढच्या अंकात. मोठ्यांनी मुलांना सांगू नये.