हमरस्त्याच्या काठचे वावर

आर्णीहून यवतमाळकडे रात्री मोटारीने येताना शहर नेमके कोठे सुरू झाले, हे आता चटकन सांगता येत नाही. वावरे संपली आणि दिवे लागले की शहर आले, ही जुनी खूण उपयोगाची राहिलेली नाही. दिवे फार अगोदर लागतात. पेट्रोलपंप, धाबा, मंगल कार्यालय, ट्रॅक्टरचे दुकान, पुन्हा धाबा. आणि मधेच दोन सिमेंटच्या खांबांवर उभी एक कमान. तिच्यावर कुठल्याशा नगराचे नाव रंगवलेले असते. कमानीच्या आत नगर मात्र नसते. तूर असते.

या कमानी उभारल्या रस्त्याने. तुळजापूरहून निघून नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब, वर्धा अशी मजल करीत बुटीबोरीला पोचणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. जिल्ह्याच्या पूर्व अंगाला वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून हैदराबादेकडे जाणारा दुसरा मोठा रस्ता आहे. जुनी मंडळी त्याला अजून ‘सात नंबर’ म्हणतात. २०१० च्या नव्या क्रमवारीपासून तो ४४ झाला. दोन्ही रस्ते चौपदरी झाले आणि नागपूर जवळ आले. जिल्ह्याची सोय झाली, यात शंका नाही. रात्री-अपरात्री रोग्याला नागपूरला नेण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, तो या रस्त्याला नावे ठेवणार नाही.

तथापि, रस्ता नुसती वाहने नेत नाही, तो वस्तीही ओढून आणतो. ती कशी बसते, हे पाहण्यासारखे आहे.

यवतमाळला हा अनुभव नवा नव्हे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जायचा तर आधी धामणगावच्या स्टेशनापर्यंत गाड्या हाकाव्या लागत. पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरांची अरुंद रेल्वे झाली. तीच आपली ‘शकुंतला’. आज ती धावत नाही. पण तिने एक शिस्त घालून दिली होती. आगगाडी स्टेशनाखेरीज थांबत नाही. म्हणून जिन, अडत, धर्मशाळा, बाजार हे सारे स्टेशनाभोवती गोळा होई आणि त्याचे गाव बनत असे. हमरस्त्याचे तसे नाही. त्याला पावलोपावली स्टेशन! जेथे मोटार थांबू शकते तेथे दुकान चालते. म्हणून वस्ती गोळा न होता रस्त्याच्या कडेने पातळ पसरत जाते. पुढे दुकान आणि मागे वावर!

इंग्लंडला या पसरणीचा इतका वैताग आला, की १९३५ साली तिला आवर घालण्यासाठी त्या देशाने खास कायदा केला. आपल्याकडेही दंडक आहेत: गावाबाहेर महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरच्या आत इमारत नको, आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण हवे. पण कागदावरच्या रेघेला कुंपण नसते. टपरी आधी बसते आणि मोजणी मागून येते.

आता जमिनीचा हिशेब पाहा. एकराचे गुंठे ४० आणि गुंठ्याचे चौरस फूट १०८९. रस्ता येण्यापूर्वी वावराचा भाव एकरात बोलला जातो. रस्त्याची आखणी झाली की तो गुंठ्यात बोलू लागतो, आणि ‘लेआउट’ पडले की चौरस फुटात. जमीन तीच, माती तीच, माप बदलले. ज्याचे वावर रस्त्याखाली गेले त्याला सरकारी मोबदला मिळतो. ज्याचे रस्त्याला लागून राहिले त्याचे नशीब उघडते. त्यामागच्या धुऱ्यावरचा शेतकरी मात्र पेचात सापडतो. सोयाबीनला भाव नाही, कपाशीवर बोंडअळी, दारात इसाराची रक्कम घेऊन उभा असलेला दलाल. तो एकराच्या भावाने विकतो आणि वर्षाच्या आत तीच जमीन फुटाच्या भावाने विकली जाताना पाहतो. आणि ज्यांच्या नावे सातबाराच नाही, त्या कापूस वेचणाऱ्या बायांना यातले काय मिळाले? वेचणीला वावर तेवढे कमी झाले!

घेणाऱ्याचेही सारे सुखाचे नसते. निवृत्त मास्तर किंवा एस.टी.चा कंडक्टर भविष्यनिधीतून प्लॉट घेतो. कमान पाहतो, नकाशा पाहतो. जमीन अकृषक झाली आहे काय, हे विचारायचे राहून जाते. असे विचारायचे राहून गेलेले राज्यभर इतके निघाले, की गुंठेवारीची घरे नियमित करण्यासाठी २००१ साली कायदाच करावा लागला.

पण खरी परीक्षा पाण्याची. यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह या दोन धरणांच्या पाण्यावर वाढले. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही शेजारची गावे नगरपालिकेच्या हद्दीत आली, शहर फुगले; धरणे होती तेवढीच राहिली. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी तळ गाठला, तेव्हा घागरींच्या रांगा आणि टँकर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बेंबळ्याचे पाणी आणण्याची योजना हाती घेतली खरी, पण ती मार्गी लागायला वर्षे गेली. रस्त्याकाठी नवे घर बांधणारा आधी विंधणविहीर खणतो; शेजारी त्याहून खोल खणतो. मागच्या वावरातल्या विहिरीचे पुढे काय होते, ते वावरवाल्याला विचारावे.

यात दोष रस्त्याचा नाही. दोष क्रमाचा आहे. आपल्याकडे आधी रस्ता येतो, मग भाव, मग घरे. त्यानंतर शाळा, गटार आणि सर्वांत शेवटी नळ. हा क्रम फिरवणे अशक्य नाही. रस्त्याची आखणी जाहीर होते त्याच वेळी आसपासच्या गावांचीही आखणी करावी. वस्ती कोठे व्हायची, वावर कोठे राहायचे, पाणी कोठून यायचे, हे ग्रामसभेत नकाशा पसरून ठरवावे. महामार्गाला समांतर छोटा रस्ता आधी असावा, म्हणजे शाळेची पोरे भरधाव ट्रकांपुढून पलीकडे जाणार नाहीत.

घाई करण्यास कारणही आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली. ती नांदेडपर्यंत न्यायची आहे. पवनार ते पत्रादेवी अशा ‘शक्तिपीठ’ महामार्गाच्या आखणीतही यवतमाळ जिल्हा आला, आणि कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी त्या रस्त्याला केलेला विरोध सर्वांना ठाऊक आहे. रस्ते आणखी येतील, कमानीही येतील. पुढची कमान उभी राहण्यापूर्वी तिच्या मागच्या तुरीच्या धन्याला आणि प्लॉट घेणाऱ्या मास्तरांना एकदा शेजारी बसवून नळ कोठून येणार, एवढे जरी कोणी सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.