रात्रीची वाटणी

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि त्याला आपलं आपण झोपायला शिकवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांत आधी बदलली ती मोठ्यांच्या जेवणाची वेळ. तोवर बाळ झोपल्यावर पानं घेत होतो आणि ते झोपेपर्यंत दहा वाजत. आता साडेसहालाच नवरा, मी आणि सासूबाई खिचडी-ताक जेवून मोकळे होऊ लागलो. पुढचा तास रडण्याचा असणार होता, आणि उपाशी पोटी मुलाचं रडणं सोसत नाही.

मग कोमट पाण्यानं बाळाचं अंग पुसणं, सुती झबलं, मंद दिवा, दूध, सासूबाईंची अंगाई. डोळे जडावले, पण अजून मिटले नाहीत, अशा वेळी त्याला पाठीवर, सपाट गादीवर ठेवायचं आणि खोलीबाहेर यायचं. जागं असतानाच ठेवण्याला कारण आहे. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि त्याच्या शेवटी ते अर्धवट जागं होतं. मांडीवर थोपटून झोपवलेलं बाळ त्या क्षणी मांडीच शोधतं. गादीवरच डोळा लागलेलं बाळ पुष्कळदा कूस बदलून पुन्हा झोपतं. रडलं तर ३ मिनिटं थांबायचं, आत जाऊन थोपटायचं, पण उचलायचं नाही. पुढे ५ मिनिटं, मग १०. बॉस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ सालच्या पुस्तकामुळे ही पद्धत रूढ झाली. आमच्या डॉक्टरांनी बाळाचं वजन पाहिलं, सर्दी-ताप नाही ना हे विचारलं, मगच होकार दिला. पहाटेचं एक दूध मात्र चालूच ठेवायला सांगितलं.

दाराबाहेर घड्याळ बघत नवरा उभा राहायचा. मी तिथे नसणंच बरं होतं. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो, ब्लाऊज ओला होतो, खांदे आखडतात, दात आवळले जातात. शरीर समजुतीनं थांबत नाही. म्हणून तेवढा वेळ मी आणि सासूबाई खाली सोसायटीच्या आवारात फिरायला जायचो. पहिल्या संध्याकाळी त्या जिन्यातच थांबल्या. "अगं, पोर रडतंय."

"तो आहे ना तिथे, आई. चला."

त्या आल्या, पण नाराजीनं. फेऱ्या मारता मारता मात्र बोलू लागल्या. वाड्यातल्या त्यांच्या खोलीत पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून त्या झोपायच्या. बाळ कुरकुरलं की झोपेतच अंगठा हलायचा. आणि पहाटे थोरल्या जाऊबाई येऊन बाळ उचलून न्यायच्या, ते थेट उन्हं वर आल्यावर परत आणून द्यायच्या. त्या दोनतीन तासांच्या झोपेवर आपण उभ्या राहिलो, असं सासूबाई म्हणाल्या. ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

बाळंतिणीला विश्रांती लागते हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सव्वा महिना मालिश, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि ती झोपली असेल तर बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर. पण ही व्यवस्था सव्वा महिन्यानं संपते. बाळाची दिवस-रात्रीची लय तिसऱ्या महिन्याच्या आसपास जुळू लागते, आणि चौथ्यानंतर बरीच बाळं रात्री पुन्हा वारंवार उठू लागतात. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. म्हणजे ती संपते तीही याच सुमारास. मालिशवाल्या मावशी गेलेल्या, माहेरचा मुक्काम आटोपलेला, ऑफिस सुरू, आणि रात्री तुकड्यातुकड्यांच्या. तेव्हा सव्वा महिन्याइतकाच काटेकोर आराम बाईला सहाव्या महिन्यात पुन्हा मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 'बाळ झोपलं की तूही झोप' हे सगळे सांगतात. पण दुपटी कोण धुणार, हे त्याबरोबर ठरत नाही तोवर त्या सांगण्याचा उपयोग नाही.

आम्ही रात्रच वाटून घेतली आणि तक्ता फ्रिजवर लावला. नऊ ते दोन झोप माझी: दुसरी खोली, दार बंद, मोबाइल बाहेर. दोन ते सात नवऱ्याची. ज्याची पाळी त्यानंच उठायचं. दुसऱ्याला हाक फक्त ताप किंवा उलटी असेल तर. सलग झोपेचा हट्ट उगाच नव्हता. २०१४ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आठ तासांच्या झोपेत चार वेळा उठवून पाहिलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांची मनःस्थिती आणि लक्ष जेमतेम चार तास झोपलेल्यांइतकंच खालावलं होतं. सुरुवातीला मी दार लावून नुसतीच पडून राहायचे, कान बाळाकडे. तरी पडून राहायचे. हळूहळू शरीराला पटलं की पलीकडे कुणीतरी जागं आहे.

रडवल्यानं बाळाला इजा होईल का, ही भीती खरी असते. २०१६ मध्ये ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठानं ४३ बाळांवर केलेल्या अभ्यासात तणावाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं नाही, वर्षभरानंतर आईशी असलेल्या ओढीतही फरक पडला नव्हता. अभ्यास लहान आहे. पण मेलबर्नमधल्या मोठ्या अभ्यासातही पाच वर्षांनंतर काही अपाय आढळला नाही. उलट, मूल दोन वर्षांचं होईतो, बाळाला असं झोपायला शिकवण्यात मदत मिळालेल्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

मात्र बाळ शांत झोपलेलं असतानाही आईचा डोळा लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर तो नुसता थकवा समजू नये. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला डॉक्टरांकडे दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली असते. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येतं.

बाळ आता संध्याकाळी थोडंसं कुरकुरून झोपतं. दात येताना बसवलेलं सगळं मोडलं, ते पुन्हा बसवलं. मी ऑफिसला जाऊ लागल्यापासून दिवसभर बाळ सासूबाईंकडे असतं. परवा त्यांनी पेन मागून घेतलं आणि फ्रिजवरच्या तक्त्यात स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: 'शनिवार-रविवार, दुपारी दोन ते चार, आजी झोपणार.'