करडईच्या काढणीचा दिवस

पहाटे ५. फेब्रुवारी सरत आला की तुळजापूरकडच्या काळ्या रानात करडई वाळून कडक होते. पानं, बोंडं तपकिरी पडली म्हणजे काढणीला आली. पण कोयता कधी चालवायचा हे काटा ठरवतो. रात्रीच्या ओलाव्यानं काटे नरम पडतात, बोंडंही तडकत नाहीत, म्हणून उजाडायच्या आत रान गाठावं लागतं.

६ वाजता सावडीची, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबणारी, माणसं ओळी वाटून घेतात. हाताला मोजे, नसतील तर फडकं, पिंढऱ्यांना गोणपाट.

"मावशी, तुम्ही मागं राहून ढीग लावा, कापायचं आम्ही बघतो."

"राहू दे रं, माझी उभी हयात ह्याच काट्यात गेली!"

बुंध्याशी कापायचं, पेंढी न बांधता ढीग रचत जायचं. झाड कापलं जातं, मूळ मात्र जमिनीतच राहतं. ते सोटमूळ दीड-दोन मीटर खोल गेलेलं असतं आणि करडईचं सगळं बळ त्यातच आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, एकरी ४-५ किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरलं की परतीच्या पावसाच्या ओलीवर पीक साधारण १३०-१३५ दिवसांत हाती येतं. विहीर आटलेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यात याहून भरवशाचं दुसरं पीक मला ठाऊक नाही. पेरणी लांबली तर मात्र मावा चढतो आणि ढगाळ हवेत तो आवरत नाही.

९. ऊन वर आलं, काटे पुन्हा ताठ झाले. कापणी थांबली.

१०. बांधावर भाकरी, ठेचा, कांदा. करडईची भाजी मात्र हंगामाच्या सुरुवातीची: विरळणीत निघालेली कोवळी रोपं घरी येतात, तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत त्यांची भाजी होते. पुढं जानेवारीत फुलं येतात, आधी पिवळी, सुकताना केशरी-लाल. मधमाश्यांची तेव्हा झुंबड असते. कापडाचा कुसुंबी रंग याच पाकळ्यांतून निघायचा. आजही पाकळ्या वाळवून काढ्यासाठी विकल्या जातात. फूल सुकू लागल्यावर पाकळ्या काढल्या तर दाण्याचं नुकसान होत नाही. पण काटेरी वाणात ते काम म्हणजे बोटांची चाळण. त्यासाठी बिनकाट्याचे वाण आहेत, फलटणच्या निंबकर संस्थेचा 'नारी-६' त्यातलाच. दाण्यासाठी मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी कुसुम' पेरतात.

दुपारी १ ते ४. आता ऊन कामाला येतं. चार-पाच दिवसांपूर्वी रचलेले ढीग खडखडीत वाळलेले असतात. ताडपत्रीवर पसरून काठ्यांनी बडवायचे. बोंडातून पांढरे, चकचकीत, टोकदार दाणे बाहेर पडतात. काट्यांची धूळ उडून मानेवर बसते आणि रात्रभर खाजते.

५. वारं सुटलं की उफणणी. भुसकट उडतं, दाणा खाली पडतो.

६ वाजता पोती शिवून होतात. थोडं बी पुढच्या पेरणीला, बाकीचं घाण्याला. दाण्यात साधारण २८ ते ३० टक्के तेल असतं. पेंड दुभत्या जनावरांना जाते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि शेंगदाण्याची चटणी याच तेलात कालवावी असं माझी आई ठामपणे म्हणते. मीही तेच म्हणतो.

एके काळी ज्वारीच्या रानाभोवती करडईची तासं असायचीच, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. ती तासं गेली, पुढं सलग पीकही आटलं, सोयाबीन आणि हरभरा वाढला. कारण विचारलं की प्रत्येक जण काट्याकडे बोट दाखवतो. पण आता कंबाईन हार्वेस्टरनं करडईची काढणी आणि मळणी एकाच वेळी होते. हात न सोलता दिवसांचं काम तासांत उरकतं. काट्याची सबब त्यामुळे उरलेली नाही.

तेव्हा येत्या परतीच्या पावसानंतर रानाची ओल उडून जाण्याआधी निदान अर्धा एकर करडई पेरा. तेवढंही जमत नसेल तर ज्वारीच्या कडेनं चार तासं तरी टाका, आणि वर्षाचं तेल घाण्यावर आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्या.