ढोलीतला संसार

धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी घरटे विणत नाही, आणि सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरणेही त्याला जमत नाही. जुन्या, जाड झाडात आपोआप पडलेली पोकळी शोधायची आणि तिथे संसार मांडायचा, ही त्याची रीत. कोकणातल्या वाचकांनी तो पाहिला असेल. तिकडे त्याला गरुडही म्हणतात.

मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. माती, विष्ठा आणि फळांचा चोथा यांचे हे लिंपण वाळून कडक होते. उरते ती चोच मावेल एवढी फट. शत्रू आत येऊ शकत नाही, तशी मादीलाही सहज बाहेर पडता येत नाही. आत असतानाच तिची उडण्याची पिसे गळतात. महाधनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते आणि ती सुमारे 40 दिवस उबवते. पिल्लू उडेपर्यंत चारेक महिने लागतात. मादी आत असेपर्यंत घरात कमावता एकटा नर. उंबराच्या जातीची फळे तो गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. शिकाऱ्याला वाटते, आपण एक पक्षी मारला. पण आत कोंडलेली मादी आणि पिल्ले आता कोणाची वाट पाहणार?

दक्षिण थायलंडमध्ये बुडो नावाचे डोंगर आहेत. पायथ्याच्या गावांत बहुतेक वस्ती मलय मुसलमानांची. गरिबीपोटी इथली काही माणसे उंच झाडांवर चढून धनेशाची पिल्ले काढत आणि विकत. 1978 पासून या पक्ष्याचा अभ्यास करणाऱ्या पिलाई पूनस्वाद 1994 मध्ये इथे आल्या. त्यांनी या माणसांना चोर म्हणून हिणवले नाही, उलट घरट्यांच्या राखणीचे काम पगारावर देऊ केले. हिशेब सरळ होता: कोणत्या झाडात ढोली आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? पगारासाठी शहरांतल्या लोकांनी एकेक घरटे दत्तक घेतले.

हे राखणदार नुसता पहारा देत नाहीत. ढोलीचा तळ कुजून खोल गेला की मादीची चोच फटीपर्यंत पोहोचत नाही, मग ते आत माती भरतात. झाड वाढून तोंड अरुंद झाले तर ते तासून रुंद करतात, म्हणजे पुढच्या हंगामात जोडी त्याच झाडावर परतू शकते.