एका रुळाची आगगाडी, तीही कागदाची!

बालमित्रांनो, आगगाडीचं चित्र काढायला सांगितलं की तुम्ही आधी काय काढता? दोन समांतर रेघा! पण आपल्याच देशात अशी एक आगगाडी होऊन गेली, की तिला रूळ होता फक्त एक. आणि तरीही ती पडत नसे. मुंबईत २०१४ साली सुरू झालेली मोनोरेल काँक्रीटच्या जाडजूड तुळईला दोन्ही बाजूंनी धरून धावणारी. ही तशी नव्हती हं! ही रस्त्याच्या कडेला टाकलेल्या साध्या लोखंडी रुळावरून झुकझुक करत जायची.

ही गाडी पंजाबातल्या पतियाळा संस्थानची. महाराजा भूपिंदर सिंग यांच्या काळात, १९०७ साली, कर्नल बोल्स नावाच्या इंजिनिअरने ती उभारली. रुळावर चाकं एकामागे एक, सायकलसारखी. आणि बाजूला एक मोठं चाक, थेट रस्त्यावर टेकलेलं. शंभर किलो ओझं असेल तर सुमारे पंचाण्णव किलो रूळ पेलायचा, बाजूच्या चाकाच्या वाट्याला जेमतेम पाच. असं का? तर लोखंडी रुळावर चाक सहज घरंगळतं, मातीच्या रस्त्यावर मात्र ते रुततं, अडतं. शिवाय रूळ एकच, म्हणजे खर्चही कमी! सुरुवातीला ही गाडी खेचरं आणि बैल ओढत. मग १९०९ साली बर्लिनच्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवलेली वाफेची चार इंजिनं आली. रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या आणि १९२७ साली गाडी बंद पडली. इंजिनं भंगारात गंजत राहिली. १९६२ साली माईक सॅटो या रेल्वेप्रेमी गृहस्थांना ती सापडली. त्यांतलं एक दुरुस्त करून दिल्लीला चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलं आहे.

आता हे इंजिन आपण कागदाचं करू या. दुकानात मिळणारे तयार कटआउट कापून चिकटवण्यात मला फारशी मजा वाटत नाही. खरी गंमत आराखडा स्वतः आखण्यात आहे! आपली अट मात्र कडक: मॉडेल खाली चिकटवून उभं करायचं नाही. खऱ्या गाडीसारखं एका रुळावर आणि बाजूच्या चाकावर आपलं आपण उभं राहिलं पाहिजे.

आधी मापं. त्यासाठी इंजिनाचे दोन फोटो मिळवा, एक बाजूने घेतलेला आणि एक समोरून. फोटोत इंजिनाला खेटून कुणी माणूस उभा असेल तर उत्तमच. समजा, तो १७० सेंटिमीटर उंच आहे आणि फोटोत ३४ मिलिमीटर दिसतो. म्हणजे फोटोतला १ मिलिमीटर झाला खरे ५ सेंटिमीटर. बॉयलर फोटोत १४ मिलिमीटर जाड दिसला, तर खरा ७० सेंटिमीटर. आपण २० पट लहान करणार, म्हणून मॉडेलमध्ये साडेतीन सेंटिमीटर. (माणूस इंजिनाच्या बराच पुढे उभा असेल तर हिशोब चुकेल बरं का!)

बॉयलर म्हणजे नळकांडं. व्यास साडेतीन, त्याला ३.१४ ने गुणा. आलं की नाही ११ सेंटिमीटर? तेवढी रुंद पट्टी आणि चिकटवायला १ सेंटिमीटर जास्त. वर्गात परिघाचं सूत्र पाठ करताना जांभया देणारी मुलं इथे ते आपणहून वापरतात! कागद जुन्या लग्नपत्रिकेचा चालेल. घडीच्या रेघेवरून आधी रिकामी रिफिल दाबून फिरवा, म्हणजे घडी सरळ पडते. रुळावरची तीन चाकं कप्पीसारखी करा. पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या चकत्यांच्या मध्ये एक लहान चकती चिकटवली की झाली खाच. आसाला अगरबत्तीची काडी. कटर वापरायचा तर आई-बाबांनी जवळ बसावं.

आणि आता परीक्षा! रूळ म्हणून पुठ्ठ्याची जाड पट्टी ठेवा आणि इंजिन त्यावर चढवा. बहुतेक ते बाजूच्या चाकाच्या उलट दिशेला धाडकन कलंडेल. कारण कागदाचं चाक फार हलकं असतं. इंजिनाचा तोल नेमका कुठे आहे ते पाहा. रुळाच्याच दिशेने पट्टीची कड इंजिनाखाली धरून थोडी इकडे-तिकडे सरकवा. इंजिन जिथे तरंगल्यासारखं थांबेल, ती तोलाची रेघ. ही रेघ रूळ आणि मोठं चाक यांच्या मधे यायलाच हवी. नसेल तर चाकाच्या बाजूला, तळाखाली एक रुपयाचं नाणं चिकटवा. पुरलं नाही तर आणखी एक.

चाक रुळापासून ६ सेंटिमीटर लांब असेल, तर पतियाळाच्या गाडीइतका नेमका तोल साधायला ही रेघ रुळापासून फक्त ३ मिलिमीटरवर लागते! तेवढ्यात मॉडेल जराशा धक्क्याने पडेल. म्हणून पहिल्यांदा १ सेंटिमीटर ठेवा. मग नाणं हळूहळू रुळाकडे सरकवत जा आणि कुठवर उभं राहतं ते वहीत लिहून ठेवा. डबा जोडलात तर त्याला मात्र बाजूचं चाक वेगळं लागेल, आणि त्याची तोलाची रेघ पुन्हा नव्याने शोधावी लागेल.