साखळीचे माप

क्रिकेटच्या खेळपट्टीवर दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्ये २२ यार्डांचे अंतर असते. वीस किंवा पंचवीस अशी सोपी संख्या सोडून बावीसच का, असा प्रश्न सहज मनात येतो. जमीन मोजण्याच्या जुन्या इंग्रजी साखळीची लांबीही नेमकी एवढीच होती, हे कळले म्हणजे या संख्येचे फारसे नवल वाटत नाही.

ही साखळी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली प्रचारात आणली. ती ६६ फूट लांब असून तिला १०० कड्या असत. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होई. एक साखळी रुंद व दहा साखळ्या लांब अशी जमीन म्हणजे एक एकर. इंग्रजी अमलात ही मापे भारतातही रूढ झाली. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडी असलेला गुंठा याच मापात बसतो. अर्ध्या साखळीची, म्हणजे ३३ फुटांची बाजू असलेला चौरस म्हणजे एक गुंठा. आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो.

१९५६ साली भारतात वजनमापांचा नवा कायदा झाला व दशमान पद्धती आली. जमिनीची नोंद हेक्टर आणि आर या मापांत होऊ लागली. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस. गुंठा आणि आर यांची तुलना करावयाची, तर प्रथम दोहोंच्या बाजू एकाच मापात आणल्या पाहिजेत. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. यास ३३ ने गुणले असता १०.०५८४ मीटर येतात. म्हणजे गुंठ्याची बाजू आरच्या बाजूपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटरांनी मोठी असते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणास वाटेल. परंतु गुंठा व आर एकच मानले, तर एका एकराचे ४,००० चौरस मीटर होतात. वास्तविक ते सुमारे ४,०४७ असतात. राहिलेले ४७ चौरस मीटर म्हणजे सुमारे ५०० चौरस फूट. एक लहानसे घर उभे राहील एवढी ही जागा! वाटणीच्या वेळी ती कोणाच्या तरी पदरातून निसटते आणि बांधावरून भाऊबंदांत कलह सुरू होतो.

माप बदलले म्हणून जमीन कमी किंवा अधिक होत नाही. म्हणूनच एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करताना दशांश चिन्हापुढील अंकही जपून हाताळावे लागतात.