पहिल्या फ्लूची आठवण

ऑगस्ट २००९ मध्ये पुणे मास्कआड गेलं होतं. स्वाइन फ्लूने देशात घेतलेला पहिला बळी इथलाच, अवघ्या चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. फ्लू घात करतो तो म्हाताऱ्यांचा, ही समजूत त्या साथीने मोडली. जगभर मुलं आणि तरुण जास्त आजारी पडले. साठी ओलांडलेल्यांना लागण तुलनेने कमी झाली. ज्यांना झाली, त्यांचा आजार मात्र गंभीर होता.

ज्येष्ठांना लागण कमी का झाली, याचं उत्तर त्यांच्या बालपणात दडलंय. १९१८ पासून १९५७ पर्यंत फ्लूच्या ‘ए’ गटाचा एच१एन१ हाच विषाणू माणसांत फिरत होता; २००९ चा स्वाइन फ्लूही याच प्रकारचा. मग एच२एन२ आला आणि १९६८ मध्ये एच३एन२. लहानपणी पहिल्यांदा भेटलेल्या फ्लूची खूण आपली प्रतिकारशक्ती आयुष्यभर जपते. १९७७ मध्ये एच१एन१ वीस वर्षांनी परतला, तेव्हा साथ मुख्यतः पंचविशीच्या आतल्यांतच पसरली. मोठ्यांच्या शरीराला तो ओळखीचा होता! मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

आजही विषाणूच्या प्रकारानुसार धोक्याचं वय बदलतं. एच३एन२ ज्या वर्षी जोरात असतो, त्या वर्षी वृद्धांचे हाल होतात. ‘बी’ गटाचा ओढा मुलांकडे. म्हणूनच नातवाच्या तापाकडे ‘साधा व्हायरल’ म्हणून पाहू नका. तोच विषाणू शेजारी झोपलेल्या आजीला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. दोघांच्याही लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, आणि दरवर्षी विचारा, कारण विषाणू रूप बदलतो तशी लसही बदलते.